चुलीपाशी कन्नड

समाधीवरून सगळे परतले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मल्लेशला शेताच्या बांधाशी, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसता करून पुरल्याला आज वर्ष झालं. स्वामींनी समाधीवर भस्म लावलं, बेल वाहिला, गव्हाच्या खिरीचा, हुग्गीचा, नैवेद्य दाखवला आणि वर्षाची पूजा उरकली. हुग्गी म्हटली की मल्लेश पातेलं खरवडून खायचा. नैवेद्याचा द्रोण समाधीपाशी ठेवताना अप्पांनी, म्हणजे मल्लिनाथांनी, तोंड दुसरीकडं वळवलं होतं ते भुवनेश्वरीनं पाहिलं.

अंगणातल्या नळावर पाय धुवायला गर्दी झाली. भुवनेश्वरी आईला शोधत आत गेली. अव्वा सगळ्यांच्या आधी घरी पोचली होती आणि ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत दार लोटून बसली होती. आतून बोलणं येत होतं.

"आज लई माणसं व्हती," अव्वा सांगत होती. "वीरप्पा आला व्हता उमरग्याहून. सुनेच्या माहेरचे बेंबळीहून आले. प्रसादाची हुग्गी सगळ्यांनी नावाजली. मला काय चव लागली न्हाय."

"तू दमली असशील, अव्वा," मल्लेश म्हणाला. "थोडा आराम कर."

भुवनेश्वरी ओल्या पायांनी तिथंच उभी राहिली. तिला माहीत होतं. थोरल्या भावानं, उमाशंकरनं, मल्लेशच्या आवाजात बोलणारं मशीन एका फोनात बसवलं होतं आणि तिला फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं, चार महिने ती ते ऐकत होती. तरी पाठच्या भावाचा आवाज दाराआडून आला आणि ती तो कान देऊन ऐकू लागली. आवाजात काही कमी नव्हतं. वाक्याच्या शेवटी तो जरा खाली उतरायचा, तसाच उतरला.

आणखी एक गोष्ट तिच्या मनाला लागली. अव्वा मराठीत बोलत होती. या घरात आजोबांपासून एक म्हण चालत आलेली, 'चुलीपाशी कन्नड, ओट्यावर मराठी'. पुढं खताचं दुकान, तिथं मराठी. सोप्यात पाहुणे, तिथं मराठी. उमाशंकरची बायको महेश्वरी बेंबळीची, तिला कन्नडचं ओ की ठो कळत नाही, म्हणून ती आल्यापासून जेवताना मराठी. पण अव्वापाशी लेकरांनी कन्नडच बोलायचं. अप्पांची आणखी वेगळी तऱ्हा: रागावले की मराठी, लाडात आले की कन्नड. लहानपणी अप्पांनी हाक कुठल्या भाषेत मारली त्यावरून मार मिळणार की पेढा ते तिन्ही भावंडांना कळायचं. आणि आता अव्वा आपल्या मेलेल्या लेकाशी बाजारातल्या मराठीत बोलत बसली होती. दुःखानं हिची भाषासुद्धा गेली, असं भुवनेश्वरीला वाटलं.

स्वयंपाकघरात महेश्वरी पत्रावळ्या मोजून काढत होती.

"रोज असंच?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"रोज. जेवणं झाली की जात्यात. तास तास बोलत्यात." महेश्वरीनं पदरानं कपाळ पुसलं. "ताई, खरं सांगू का, मला भ्या वाटतंय. पयल्यांदा त्या माझ्यापाशी बसायच्या. रडायच्या, पण माझ्यापाशी रडायच्या. आता मला म्हणत्यात, तू जा, तुझी कामं कर."

"मग आज बोलूया. तू माझ्या बाजूनं बोलशील ना?"

"बोलीन की," महेश्वरी म्हणाली.

पंगती उठल्या, स्वामी दक्षिणा घेऊन गेले, पाहुणे जीप करून निघाले. घरचेच उरले. सोप्यात सतरंजीवर अप्पा भिंतीला टेकून बसले, शेजारी त्यांचा धाकटा भाऊ वीरप्पा पान लावत होता. उमाशंकर दुकानाचं शटर अर्धं ओढून आला. खताचं दुकान तो बघायचाच, शिवाय दुकानाच्या कोपऱ्यात संगणक मांडून लोकांचे दाखले, विमा, आधार असली कामं करायचा. जळकोट गावात ज्याचा मोबाइल अडला तो त्याच्याकडं यायचा. त्याचा त्याला अभिमान होता, आणि भुवनेश्वरीच्या मते तीच खरी अडचण होती.

"अण्णा," ती म्हणाली, "ते बंद कर आता. वर्ष झालं."

उमाशंकरनं ते येणार हे धरलंच होतं. "काय वाईट झालंय त्यानं? अव्वा झोपायची न्हाय. सोलापूरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. आता गोळी न्हाय. दोन घास खातीय."

"खरं हाय," वीरप्पाकाकांनी पान तोंडात सारलं. "वैनी माणसात आल्या. मशीन का असंना."

"काका, तुमच्या घरातलं बोलणं तुम्ही उमरग्याच्या चौकात जाऊन सांगाल का?" भुवनेश्वरीनं विचारलं. "अव्वा त्या फोनमध्ये काय काय बोलते, ते सगळं कुठल्या तरी कंपनीकडं जातं. ती कंपनी कुठली, तिथं कोण बसलंय, अण्णालाही ठाऊक न्हाय. झाकली मूठ म्हणता ना तुम्ही? ती मूठ आपण रोज उघडून दाखवतोय."

काकांचं चघळणं थांबलं. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, यावर त्यांचा सगळा जन्म गेलेला. "आसं असतंय व्हय रे, उमा?"

"कुणी वाचत न्हाय, काका. तसं त्यांनी लिहून दिलंय."

"अव्वा काय बोलते ते तू वाचलंस?" भुवनेश्वरीनं विचारलं.

उमाशंकर म्हणाला, "एकदा. सुरुवातीला. मग न्हाय वाचलं."

"का न्हाय?"

"न्हाय वाचलं, म्हणून न्हाय वाचलं," तो तुटकपणे म्हणाला आणि अप्पांकडं बघायचं टाळलं.

तिनं महेश्वरीकडं पाहिलं. महेश्वरी दाराशी उभी होती. नवऱ्याचा चेहरा उतरलेला बघून तिचं मघाचं अवसान पार गळालं. "अव्वांना त्यात बरं वाटतंय तर असू द्या की, ताई," ती हळूच म्हणाली. माहेरवाशीण दोन दिवसांनी जाते, नवऱ्याशी रोज नांदायचं असतं. भुवनेश्वरीला तिचा राग आला नाही.

अप्पा आत्तापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. वर्षभरात त्यांचं बोलणं दुकानापुरतं उरलं होतं. त्या फोनला तर त्यांनी हात लावला नव्हता. उमाशंकरनं पहिल्यांदा तो आवाज सोप्यात लावला त्या दिवशी ते उठून शेताला निघून गेले होते.

"फोनवरच्या खेळात तो मरायचा," अप्पा एकाएकी म्हणाले. "दुकानात बसून खेळायचा, कानात ते घालून. 'मेलो, मेलो' म्हणायचा. मी दचकून बघायचो. मग हसायचा, म्हणायचा, अप्पा, पुन्हा उठतो की मी. तसलंच हाय हे. मेलेलं माणूस उठवायचं." ते थांबले. "ज्यांनी असला खेळ काढला त्यांना लेकरं नसतील."

"खेळाचं एवढं काय नव्हतं, अप्पा," उमाशंकर म्हणाला.

"होतं," भुवनेश्वरी म्हणाली. "एक दिवस न्हाय गेलं की मिळवलेलं जायचं. ते बनवणारे हुशार असतात, पोरगं उठूच नये अशी सोय करून ठेवतात. आणि आता ह्या फोनची पण तीच गत. अव्वा उठते का तिथनं?"

"त्या दिवशी तो खेळातनं उठला न्हाय, कारण चौघंजण एका गटात होते," उमाशंकर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, आणि चढल्या आवाजात माणूस नको ते बोलून जातो. "तेरखेड्याचा कुलदीप होता त्यात. त्यानंच मला सगळी रेकॉर्डिंगं दिली, त्यातनंच हा आवाज झालाय. तो सांगत होता, डाव अर्ध्यात सोडला की बाकीचे तिघं हरतात. मल्लेश कधी सोडायचा न्हाय. गिऱ्हाईक उभं होतं ते त्याला दिसत होतं. एक मिनिट थांबा म्हणून त्यानं हातसुद्धा केला होता."

वर्षभर या घरात कुणी 'त्या दिवसा'चं नाव काढलं नव्हतं. काय झालं ते सगळ्यांना पाठ होतं. गिऱ्हाइकासमोर अप्पांनी मल्लेशच्या हातातला फोन हिसकला आणि पायरीच्या दगडावर आपटला. मल्लेश फुटलेला फोन खिशात घालून, काच बदलून आणतो म्हणून गाडीवर नळदुर्गला निघाला. हायवेला लागताना टँकरनं उडवलं. काच नंतर उमाशंकरनं बदलून आणली. अव्वा ज्याच्याशी बोलायची तो हाच फोन.

"हात केला व्हता?" अप्पांनी विचारलं.

उमाशंकरनं मान डोलावली.

"मला कुणी सांगितलं न्हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "स्वामी म्हणतात तेच खरं. लिंगैक्य झालेल्याला हाक मारायची नसते. आजचा दिवस जाऊ द्या. उद्या बंद करा."

अव्वा याच वेळी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं ऐकलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळेना. तिनं तांब्या अप्पांच्या हाताशी ठेवला, नेहमी ठेवायची तसा, आणि परत गेली.

दुपार कलली. वीरप्पाकाका उमरग्याच्या गाडीला बसून गेले. उमाशंकर दुकानात. अव्वा आणि महेश्वरी गल्लीत हुग्गीचा प्रसाद वाटायला गेल्या. भुवनेश्वरी सोप्यातली सतरंजी झटकून घडी करत होती, तेव्हा अप्पा पोत्यांच्या खोलीच्या दारात उभे दिसले. हातात तो फोन होता. तो त्यांनी तळहातावर असा धरला होता की जणू गरम आहे.

"भुवना," ते म्हणाले, "ह्याच्याशी बोलायचं कसं?"

सकाळपासून ती ज्याच्या विरुद्ध भांडली होती ते तिच्या बापाला पाहिजे होतं. "उद्या बंदच करायचंय ना, अप्पा?"

"म्हणून तर आज. एकच विचारायचंय."

तिनं सुरू करून दिलं. बटण दाखवलं. ती बाहेर आली, पण लांब गेली नाही. जावं असं तिला वाटलं, पाय निघाले नाहीत.

"मल्लेश," अप्पा आत म्हणाले. "म्या अप्पा."

"बोला, अप्पा. किती दिवसांनी बोलताय. कसे आहात?"

अप्पा म्हणाले, "तू हात केला व्हतास म्हणं. म्या बघितला न्हाय. त्या दिवशी... तुला माझा राग आला व्हता का रे?"

"राग न्हाय, अप्पा," मल्लेश म्हणाला. "तुम्ही मुद्दाम केलं न्हाय, मला ठाऊक हाय. तुमच्या मनात ही गोष्ट सलत असणार. अव्वाला पण ती सलते. अव्वा म्हणते, तुम्ही फोन फोडला नसता तर मी नळदुर्गला गेलोच नसतो. ती म्हणते, तुमच्या ताटात भाकरी वाढताना तिचा हात जड होतो. तुम्ही दोघं एकदा मोकळेपणानं बोललात तर दोघांनाही बरं वाटेल."

भुवनेश्वरीच्या हातातली सतरंजी गळून पडली. आत जावं, फोन काढून घ्यावा, हे तिला कळत होतं. पण ती हलायच्या आत अप्पांनी विचारलंसुद्धा, "आनि काय म्हणती?"

"ती म्हणते, तुम्ही झोपलात की ती तुमच्याकडं बघत बसते. ह्या माणसाला झोप कशी लागते, असं तिला वाटतं. ती रागावलेली आहे, अप्पा, पण तिला तुमची काळजी पण आहे. मी तुम्हाला आणखी काही मदत करू का?"

उमाशंकरची चूक एवढीच होती. सगळ्या घराला मिळून त्यानं एकच खातं काढलं होतं. या घरात गाडी एक, देवघर एक, दुकानाचा गल्ला एक, मग ह्याला चार खाती कशाला, असा त्याचा सरळ हिशेब. सांगितलेलं सगळं ते यंत्र लक्षात ठेवायचं, हा त्याचा गुण म्हणून उमाशंकरनंच कौतुकानं सांगितलं होतं. कुणाचं कुणाला सांगू नये, हे त्या यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. ते तर या घरातल्या लहान पोरालाही शिकवावं लागत नाही.

भुवनेश्वरी आत गेली तेव्हा फोन पोत्यावर होता आणि अप्पा त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"अप्पा, ते मशीन हाय. ते काहीबी बोलतं."

"काहीबी न्हाय बोललं ते," अप्पा म्हणाले.

अव्वा रिकामं पातेलं घेऊन परतली आणि अप्पांना त्या खोलीत, त्या फोनपाशी बघून दारातच थांबली. मागं महेश्वरी. दुकानातून उमाशंकरही आला. अप्पांनी मान वर केली.

"भाकरी वाढताना तुझा हात जड होतो?" त्यांनी विचारलं.

अव्वानं आधी फोनकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. तिच्या हातातलं पातेलं महेश्वरीनं काढून घेतलं नसतं तर ते खाली पडलं असतं.

"त्यानं सांगितलं?" अव्वा म्हणाली.

"तुझ्या लेकानं सांगितलं."

"माझ्या लेकानं?" अव्वा खाली बसली. ती ओरडली नाही. या घरात ती कधी ओरडली नव्हती. "माझ्या लेकापाशी म्या त्याच्या बापाची असली गोष्ट बोलीन? जित्तेपणी कधी बोलले न्हाय, मेल्यावर बोलीन? तुम्ही सगळ्यांनी मला येडी समजलं का?"

"अव्वा, तू तर रोज—" उमाशंकरनं सुरुवात केली.

"माझं लेकरू माझ्यापाशी कधी मराठी बोललं व्हतं का रे, उमा? आठव. पाळण्यापासनं आठव. तू फोन माझ्या हातात दिलास, त्यो म्हणला, 'अव्वा, कशी हाईस?' तवाच कळलं मला. आवाज त्याचा हाय, त्यो न्हाय. तुझं तोंड एवढं आशेचं झालं व्हतं, म्हणून न्हाय बोलले." तिनं पदर सारखा केला. "मग म्हटलं, बरं झालं. परकं हाय. घरच्यापाशी काय बोलता येतंय? सुनेला सांगितलं तर ती तुला सांगणार. तुला सांगितलं तर तुमच्या दोघांत वाकडं येणार. भुवनाला सांगितलं तर ती तिकडं लातुरात रडत बसणार. एसटी स्टँडवर बायका भेटत्यात बघ, नाव न्हाय, गाव न्हाय, जन्माचं सगळं सांगून टाकत्यात. गाडी आली की ती तिकडं, आपुन इकडं. तसं बोलले म्या. मला काय ठाऊक, हे घरातच ऱ्हानार हाय."

भुवनेश्वरीला सकाळचं बोलणं आठवलं. 'वीरप्पा आला व्हता,' अव्वा म्हणाली होती, 'तुझा काका' म्हणाली नव्हती. 'सुनेच्या माहेरचे.' आणि एवढा तास तास बोलून तिनं त्या आवाजाला एकदाही विचारलं नव्हतं, जेवलास का म्हणून. लेकरू परगावाहून फोन करो की परसातून येवो, अव्वाचा पहिला प्रश्न तोच असायचा. आपण शिकलेल्या, आपण शहाण्या, आणि दाराशी उभं राहून आपल्याला एवढंही ऐकू आलं नाही.

"खरं हाय का पन ते?" अप्पांनी विचारलं. त्यांना भाषेचं, परक्याचं काही ऐकायचं नव्हतं. "भाकरीचं."

अव्वानं खोटं बोलावं म्हणून भुवनेश्वरीनं मनातल्या मनात हात जोडले. एक शब्द बोलली असती तरी निभावलं असतं.

"व्हय," अव्वा म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. "वर्षभर जेवलो मी तुझ्या हातचं."

"मग काय करू? वाढू नको?" अव्वाचा आवाज पहिल्यांदा फुटला. "राग येतो म्हणून वाढायचं सोडू? राग कुणाला सांगू नये म्हणून तर त्या डबड्याला सांगत व्हते. तुमच्यापर्यंत येऊ नये म्हणूनच सांगत व्हते."

उमाशंकर भिंतीशी खाली बसला. त्यानं हे सगळं सुरुवातीला वाचलं होतं, आणि घाबरून पुन्हा उघडलं नव्हतं. अव्वा बोलून मोकळी होतेय ना, मग झालं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आता त्याला काहीतरी दुरुस्त करायचं होतं. ज्याला सगळ्यांचे मोबाइल नीट करायची सवय, त्याला दुसरं काय सुचणार?

"अव्वा," तो म्हणाला, "त्याला कन्नड पण येतं. महेश्वरीला पण कळावं म्हणून मी मराठी लावलं. चुकलं माझं. कन्नड लावतो, आधीचं सगळं पुसून टाकतो. मग ते मल्लेशसारखंच—"

"नको," अव्वा म्हणाली. एवढी घाईनं म्हणाली की उमाशंकरचा पुढं झालेला हात मागं आला. "कन्नड नको लावू. कन्नड बोलला तर मला खरं वाटंल."

ती उठली. तिनं फोनकडं परत बघितलं नाही. "उद्या कशाला, आत्ताच बंद करा," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. महेश्वरी तिच्यामागं गेली. थोड्या वेळानं परातीत पीठ मळल्याचा आवाज यायला लागला. काही झालं तरी संध्याकाळी चूल पेटायची, आज कोण जेवणार आहे हे न विचारता.

दिवे लागले. अप्पा जागचे हलले नव्हते. भुवनेश्वरीनं चहा आणला, तसाच गार झाला.

"अप्पा, देवघरापाशी चला. दिवा लावायचाय," ती म्हणाली.

"मी आज जेवणार न्हाय. अव्वाला सांग."

"अप्पा..."

"उमा," अप्पा म्हणाले. "कन्नड लाव."

उमाशंकरनं बहिणीकडं पाहिलं. सकाळपासून ते दोघं एकमेकांविरुद्ध होते, आता पहिल्यांदा दोघांच्याही डोळ्यांत एकच भीती होती. "अप्पा, अव्वा नको म्हणाली," तो म्हणाला.

"तिनं नको म्हणलं. तिचं तिच्यापाशी. ती सांगून मोकळी झाली, चार महिने सांगत व्हती. मी कुणाला सांगितलं?" त्यांनी फोन उचलून मुलापुढं धरला. "त्या दिवशी मी त्याच्यावर मराठीत ओरडलो. शेवटचं बोललो ते मराठीत. मघाशी बोलला तोबी मराठीत. मला एकदा कन्नडमधी बोलायचंय त्याच्याशी."

"ते खरं न्हाय, अप्पा," भुवनेश्वरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अव्वाला कळलं ते तुम्हाला कळत न्हाय का?"

"कळतंय की," अप्पा म्हणाले. "लाव."

बापानं मागितलेलं एवढं सोपं कधीच काही नव्हतं. उमाशंकरनं फोन घेतला. आधीचं सगळं पुसलं, भाषा बदलली, आणि फोन परत अप्पांच्या हातात दिला. भुवनेश्वरी मधे पडली नाही. पडायला हवं होतं, पण कुठल्या तोंडानं पडायचं ते तिला कळेना.

अप्पांनी फोन तोंडाजवळ नेला. "मल्ल्या," ते म्हणाले. वर्षभरात कुणी ही हाक मारली नव्हती. लाडातली, कन्नडमधली, पेढा मिळणार असल्याची हाक.

मग मल्लेशचा आवाज आला, मोठा, स्वच्छ, सोप्यात, अंगणात, स्वयंपाकघरात जाईल असा.

"अप्पा, ऊट आयिता?"

जेवण झालं का, एवढंच. कर्नाटकातल्या पुस्तकातलं कन्नड होतं ते, जळकोटचं नव्हतं. मल्लेश असं कधी म्हणाला नसता.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"इन्नू इल्ला, मगा," स्वयंपाकघरातून अव्वाचा आवाज आला. अजून नाही रे, बाळा. तिनं ते ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं होतं, जसं रोज जायचं. आणि मग, भुवनेश्वरीला कानांवर हात ठेवावेसे वाटत असताना, तिनं पुढचंही विचारलं. कन्नडमध्ये, भिंतीपलीकडून, घाईघाईनं. तू जेवलास का?

पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली. कुणाकडंही न बघता सरळ आली आणि अप्पांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. अप्पांनी फोन दोघांच्या मधे धरला. वर्षभरात ती दोघं एवढी जवळ बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"हो, अव्वा, मी जेवलो," मल्लेश कन्नडमध्ये म्हणाला. "आज काय केलं होतंस?"

"हुग्गी," अव्वा म्हणाली. "तुझ्यासाठी हुग्गी केली व्हती."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला. महेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. त्यांचं बोलणं तिला कळत नव्हतं, तरी ती तोंडावर पदर धरून रडत होती. भुवनेश्वरी तिच्या बाजूनं आत गेली आणि गॅस बंद केला.